दोन लाल टॅग

दुकानातल्या बाईने काचेवर दोन मऊ कापडं अंथरली. एकावर रिव्हॉल्व्हर ठेवलं, दुसऱ्यावर पिस्तूल. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार दोन साड्या पुढ्यात टाकून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो, तशी ती सुलभाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वास्तविक गिऱ्हाईक सुलभा नव्हतीच. गिऱ्हाईक होता तिचा नवरा पुरुषोत्तम, आणि तो खिशातून घडी घातलेला कागद काढत होता.

कागदावर तक्ता होता. पुरुषोत्तम तक्त्याशिवाय साधा मिक्सरही घेत नसे. लेकीच्या, देवयानीच्या, लग्नाच्या वेळी त्याने दोन स्थळांचा असाच तक्ता केला होता, आणि देवयानीने तिसऱ्याशीच लग्न केलं. ह्या तक्त्यात वजन होतं, जाडी होती, शर्टाखाली दिसतं की नाही हे होतं, आणि शेवटच्या रकान्यात गोळ्या. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच, पिस्तुलात दहा. दहाच्या आकड्याभोवती त्याने घरूनच गोल करून आणला होता.

हे सगळं सुरू झालं रेखामुळे. रेखा म्हणजे त्यांचा जुना मित्र डॉक्टर हेमचंद्र, त्याची बायको. एप्रिलमध्ये ती सोनाराकडून पाटल्या घेऊन निघाली, दोन माणसं तिच्या मागोमाग गाडी घेऊन थेट घरापर्यंत आली, आणि तिच्याच दारात, दिवसाढवळ्या, तिला ढकलून पिशवी घेऊन गेली. तिचं मनगट मोडलं. त्यांच्या शुगर लँड गावातल्या प्रत्येक मराठी घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. हेमचंद्र आठवड्याच्या आत कमरेला पिस्तूल लावून फिरू लागला. टेक्ससमध्ये त्याला लायसन्सही लागत नाही, हे तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायचा. पुरुषोत्तमच्या डोक्यात तेव्हापासून किडा शिरला होता.

“हे बघा,” बाई म्हणाली. साठीची असावी, पांढरी वेणी, चष्मा गळ्यात साखळीला. तिने रिव्हॉल्व्हरची कळ दाबली आणि गोल सिलिंडर बाजूला कलंडला. “पाच भोकं. भरलेलं आहे की रिकामं, हे लहान मूलही सांगेल. पिस्तुलाचं तसं नाही. खालून गोळ्यांची पेटी, हे मॅगझीन, काढलं म्हणजे लोकांना वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी वर चेंबरमध्ये बसलेली असते. ती काढायची तर ही स्लाइड मागे ओढावी लागते. प्रत्येक वेळी, न विसरता.”

शेवटचे दोन शब्द सुलभाला बोचले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तक्त्यात काहीतरी लिहीत होता.

बाईने तिलाही दोन्ही हाताळायला दिली. रिव्हॉल्व्हर सुलभाला सहज उघडता आलं. पिस्तुलाची स्लाइड मात्र तिने दोन्ही हातांनी ओढली तरी बोटभर मागे आली आणि खाडकन परत गेली. सुलभाने सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अंगठ्याने पिपेट दाबण्यात काढली होती. आता त्या अंगठ्यांच्या मुळाशी कायम ठणका असे.

“तुला कुठे चालवायचंय?” पुरुषोत्तम हसून म्हणाला. “मी आहे ना.”

“पण ह्यांच्याऐवजी कधी तुम्हाला रिकामं करावं लागलं तर?” बाईने सुलभाला विचारलं. “घरात काही अडचण नाही ना?”

अडचण होती. मार्चमध्ये पुरुषोत्तम दही आणायला गेला आणि तीन तासांनी परत आला, दह्याशिवाय. पेट्रोलचा काटा पाहून सुलभाला कळलं की तो पासष्ट मैल लांब, त्याच्या जुन्या रिफायनरीच्या फाटकापर्यंत जाऊन आला होता. मे महिन्यात तो शेजाऱ्याच्या दारात गाडी उभी करून, गराज उघडत नाही म्हणून रिमोट आपटत होता. त्यांच्या कॉलनीतली घरं सगळी एका साच्यातली, चूक कोणाचीही होईल, असं सुलभाने शेजाऱ्याला हसत हसत सांगितलं. वर नव्या चष्म्याची सबबही जोडली. सारवासारव करण्यात ती आता तरबेज झाली होती. डॉक्टरकडे गेलं तर तो आजाराचं नाव उच्चारेल, आणि एकदा ते उच्चारलं की घरातून जाणार नाही, ह्या भीतीने ती कोणापाशी एक अक्षर बोलली नव्हती. लेकीपाशीसुद्धा नाही.

सांगायची वेळ असेल तर हीच होती. ‘माझा नवरा विसरतो’ एवढे तीन शब्द. बाईने दोन्ही हत्यारं उचलून काचेखाली ठेवली असती. पण बाजूला पुरुषोत्तम उभा होता, पाठ ताठ, शर्टाला इस्त्री, एकतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय रिफायनरीतला एक व्हॉल्व्ह उघडत नव्हता तो माणूस. परक्या बाईपुढे त्याचा असा पाणउतारा करायला सुलभाची जीभ रेटली नाही.

“आमच्याकडे तशी काही अडचण नाही,” ती म्हणाली. “पण अहो, मला वाटतं, रिव्हॉल्व्हरच घ्यावं. उघडून बघता तरी येतं.”

“पाचच गोळ्या, सुलभा.”

“पाच चोर येणार आहेत का?”

तो पुन्हा हसला आणि त्याने पिस्तुलावर बोट ठेवलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले, असंच म्हणायला हवं. पुरुषोत्तमने रिफायनरीची शिस्त घरात आणली. निवृत्त होताना त्याने लाल टॅगचा एक गठ्ठा आठवण म्हणून आणला होता. तिथे मशीन बंद करून त्यात हात घालण्याआधी हा टॅग लावायचा, वर तारीख, वेळ, सही. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्या कोणाची हात लावायची प्राज्ञा नाही. त्याच्या उभ्या नोकरीत त्याच्या टॅगवर कोणी शंका घेतली नव्हती. आता तो सकाळी सातला पिस्तूल भरून, सैल शर्टाखाली पट्ट्याला लावून तळ्याभोवती फिरायला जायचा, आठला येऊन ते रिकामं करायचा आणि बेडरूममधल्या ड्रॉवरच्या मुठीला टॅग अडकवायचा. ‘रिकामं. तपासलं.’ खाली सही. दुसऱ्या दिवशी भरण्याआधी जुना टॅग काढून टोपलीत टाकायचा.

सुलभा ते टॅग रोज वाचायची, लॅबमध्ये रिपोर्ट वाचायची तसे. जुलैभर ते व्यवस्थित होते. ऑगस्टमध्ये एक दिवस टॅगच नव्हता. तिने विचारलं तर तो खेकसला, “घाईत होतो. तू काय माझी इन्स्पेक्टर आहेस?” पुढच्या आठवड्यात टॅग होता, पण तारीख आदल्या दिवशीची. एकदा सही होती आणि वेळ नव्हती.

आणि तो बदलत चालला होता. पूर्वी गाडी चालवताना तो जुनी नाट्यगीतं गुणगुणायचा, आता आरशात बघायचा. “ती पांढरी गाडी मघापासून मागे आहे,” तो म्हणायचा. टेक्ससमध्ये निम्म्या गाड्या पांढऱ्या, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. एका दुपारी पार्सलवाल्याने बेल वाजवली. सोफ्यावर डुलक्या घेणारा पुरुषोत्तम दचकून उठला आणि त्याचा उजवा हात शर्टाखाली गेला. म्हणजे दुपारीही ते कमरेला होतं. सुलभा धावत दाराशी गेली आणि नवरा आणि दार ह्यांच्या मध्ये उभी राहिली. पार्सलवाला वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. तो हसला, खोकं ठेवून निघून गेला. आपण कशातून वाचलो हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

पुरुषोत्तम आंघोळीला गेला की ती ड्रॉवर उघडायची. मॅगझीन तिला काढता यायचं, त्याला नुसतं बटण दाबायचं होतं. पण वरच्या नळीत ती एक गोळी आहे की नाही, ह्याचा पत्ता लागायचा नाही. ती पदर गुंडाळून, दात-ओठ खाऊन स्लाइड ओढायची. ती बोटभर यायची आणि परत जायची. बाथरूममधलं पाणी बंद झालं की ती सगळं होतं तसं ठेवून स्वयंपाकघरात पळायची. देवयानीचा ऑस्टिनहून फोन आला की सांगायची, “बाबा मजेत आहेत गं, रोज चार मैल चालतात.” स्वतःच्या भित्रेपणाची तिला चीड यायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच सांगायची.

ह्या मंडळींचा दसरा जवळच्या रविवारी येतो. त्या रविवारी खंडेनवमीची शस्त्रपूजाही उरकून घ्यायची, हा पुरुषोत्तमचा जुना रिवाज. शनिवारी देवयानी आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, अनिकाला, घेऊन आली. रविवारी अकराला हेमचंद्र आणि रेखा आले. रेखाचं मनगट आता बरं होतं. आपट्याची पानं तिकडे मिळत नाहीत, म्हणून सुलभाने मागच्या अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची पानं तोडून ठेवली होती. ती हुबेहूब आपट्यासारखीच दिसतात.

हॉलमध्ये पाट मांडला. पाटावर पुरुषोत्तमची स्लाइड-रूल आणि व्हर्नियर, स्वयंपाकघरातली मोठी सुरी, देवयानीचा लॅपटॉप, अनिकाचं व्हायोलिन. मग पुरुषोत्तम सोवळं नेसून आतून आला आणि त्याने मधोमध पिस्तूल ठेवलं. मॅगझीन काढून शेजारी ठेवलं होतं. ट्रिगरच्या कडीला लाल टॅग बांधला होता.

“बाबा, हे इथे कशाला?” देवयानीने कपाळाला आठ्या घातल्या.

“शस्त्रपूजा म्हणतात तिला, देवयानी. इतकी वर्षं सुरीला शस्त्र समजून पुजत होतो. आज पहिल्यांदा खरं शस्त्र आहे.”

“आबा, इज इट लोडेड?”

“नो, बेटा. टॅग आहे ना. टॅग म्हणजे सेफ.”

घरातल्या सगळ्यात लहान माणसाने प्रत्येक हत्याराला हळद-कुंकवाचं बोट लावायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. अनिका पाटासमोर मांडी घालून बसली, हातात कुंकवाची वाटी. पिस्तुलाचं तोंड बरोबर तिच्याकडे होतं.

“सुलभा, तुझं पिपेट राहिलं की,” पुरुषोत्तम म्हणाला. “घेऊन ये. तेही शस्त्रच.”

पिपेट बेडरूममध्ये होतं, त्याच ड्रॉवरच्या वरच्या खणात. सुलभाने खण ओढला आणि खालच्या मुठीला अडकवलेला टॅग तिच्या हाताला लागला. तिने सवयीने वाचला. आजची तारीख, सकाळी सहा चाळीस. रिकामं. तपासलं. सही.

मग पाटावर आहे तो टॅग कसला? सात वाजता तो फिरायला गेला होता. म्हणजे सहा चाळीसनंतर पिस्तूल भरलं होतं. हा टॅग न काढताच भरलं होतं, मग पाटावरच्या टॅगचा तरी काय भरवसा? सकाळी रिकामं केल्याचं त्याला आठवत नव्हतं, किंवा भरल्याचं आठवत नव्हतं, दोन्हींतलं काहीतरी एक. पिपेट तिथेच टाकून ती हॉलकडे धावली.

व्हायोलिनला कुंकू लावून झालं होतं. अनिकाचं लाल बोट पिस्तुलाकडे निघालं होतं.

“अनिका, हात मागे घे! ऊठ तिथून!”

आजीचा असा आवाज पोरीने कधी ऐकला नव्हता. वाटी कलंडली, कुंकू पाटावर सांडलं. रेखाने तिला जवळ ओढून घेतलं.

“काय झालं वहिनी?” हेमचंद्र म्हणाला.

“अहो, ते एकदा उघडून दाखवा,” सुलभा नवऱ्याला म्हणाली.

“टॅग वाचता येतो ना तुला?” पुरुषोत्तमचा चेहरा लाल झाला. “सव्वानऊला तपासलंय. खाली माझी सही आहे.”

“तरी उघडून दाखवा.”

“पाहुण्यांसमोर काय हे, सुलभा?”

“वहिनी, मॅगझीन तर बाहेर आहे,” हेमचंद्र हसत म्हणाला. “पण तुमची खात्री करून देतो.” त्याने पिस्तूल उचललं, सगळ्यांकडे पाठ करून विटांच्या भिंतीकडे धरलं आणि स्लाइड मागे ओढली.

एक पिवळी गोळी उडून खाली तबकातल्या अक्षतांमध्ये पडली. सुपारी पडावी एवढाच आवाज झाला.

हेमचंद्रचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. देवयानीने आधी गोळीकडे पाहिलं, मग लेक जिथे बसली होती त्या जागेकडे, आणि तोंडावर हात घेतला.

“ही कोणी घातली?” पुरुषोत्तम हळू आवाजात म्हणाला. त्याची नजर एकेकावरून फिरत सुलभावर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. हरवलेल्या मुलाच्या डोळ्यांत असते तसली भीती होती. तिला ती सहन झाली नाही.

“मी,” सुलभा म्हणाली. “मघाशी पुसायला म्हणून काढलं होतं. काहीतरी उलटसुलट झालं असेल माझ्या हातून. माझंच चुकलं.”

“वाटलंच मला,” पुरुषोत्तमने सुस्कारा सोडला. “तरी सांगतो, माझ्या वस्तूंना हात लावू नका.” हेमचंद्रही सैलावला. आणखी मिनिटभरात हा सगळा प्रकार वहिनींच्या नावावर जमा झाला असता आणि पूजा पुढे सुरू झाली असती.

“आई,” देवयानी म्हणाली. “काल लोणच्याची बरणी मी उघडून दिली तुला.”

“मग?”

“तुला झाकण फिरवता येत नाही. ही स्लाइड कशी ओढलीस?” तिने हेमचंद्रच्या हातातलं रिकामं पिस्तूल घेतलं, पुन्हा आत बघितलं आणि आईच्या हातात दिलं. “ओढून दाखव.”

सुलभाने ओढली. सगळ्यांसमोर, दोन्ही अंगठे पांढरे पडेपर्यंत ओढली. स्लाइड बोटभर आली आणि खाडकन परत गेली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने हात खाली केले.

पुरुषोत्तम तिच्या हातांकडे बघत होता. त्याला समजलं, हे तिला दिसलं. पण त्याने ते स्वतःवर घेतलं नाही. “डिझाइनचाच दोष आहे,” तो म्हणाला. “तू दुकानात म्हणत होतीस तेच बरोबर. रिव्हॉल्व्हर घेऊ आपण. ते तुलाही उघडता येतं.”

“रिव्हॉल्व्हर नको.” सुलभा आता थांबणार नव्हती. “अहो, तुम्ही विसरता. मार्चपासून विसरता. मला माहीत होतं. त्या बाईने विचारलं तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तोंडात मूग गिळून बसले. आज पोरीचा जीव गेला असता.” तिने ड्रॉवरवरचा टॅग मुठीतच आणला होता. तो तिने त्याच्यापुढे धरला.

त्याने वाकून पिस्तुलावरचा टॅगही सोडवला. दोन्ही शेजारी धरून बराच वेळ वाचले. सहा चाळीस आणि सव्वानऊ. अक्षर तेच, सही तीच.

“दोन्ही माझेच आहेत,” तो शेवटी म्हणाला. मग त्याने हेमचंद्रला सांगितलं, “तू घेऊन जा हे. तुझ्या तिजोरीत ठेव.”

हेमचंद्रने पिस्तूल, मॅगझीन, ड्रॉवरमधल्या गोळ्यांची खोकी, सगळं नेलं. जाताना ओळखीच्या डॉक्टरला फोन करून सोमवारी सकाळी नऊची वेळही घेतली. पुरुषोत्तम ‘हो’ म्हणाला. दुपारी सगळ्यांनी रेडबडची पानं एकमेकांना दिली आणि श्रीखंड-पुरी जेवले. सुलभाला कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण गेलं.

सोमवारी सात वाजता ती चहा गाळत होती. बेडरूममधून ड्रॉवर जोरात उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा.

“सुलभा!” तो दारात येऊन उभा राहिला, पट्ट्याला रिकामी चामड्याची खोळ लावून. “चोरी झाली. पिस्तूल गेलं. गोळ्यासुद्धा गेल्या.”

तिने गाळणं खाली ठेवलं. “अहो, काल तुम्हीच—”

“कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे ओळखीतलाच माणूस आहे.” तो येरझाऱ्या घालू लागला. “काल घरात कोण आलं होतं? हेमचंद्र आला होता. त्याला ड्रॉवर ठाऊक आहे. इतक्या वर्षांची मैत्री, आणि माझ्याच घरात चोरी?” तो थांबला. “पोलिसांचं नंतर बघू. आता घरात एक तरी हवंच. चल, त्या दुकानात जाऊ. ह्या वेळी तुझंच ऐकतो. रिव्हॉल्व्हर घेऊ.”

देवयानी जिन्यावर उभी राहून ऐकत होती. सुलभाने तिला डोळ्यांनी खूण केली.

“चला,” सुलभा म्हणाली. “गाडी मी चालवते.”

त्याने किल्ली दिली. बायकोच्या शेजारच्या सीटवर तो पहिल्यांदाच बसला. कॉलनीच्या फाटकाबाहेर सिग्नल लागला. दुकान डावीकडे होतं, डॉक्टरचा दवाखाना सरळ. सुलभाने गाडी सरळ नेली.

“डावीकडे वळायचं होतं.”

“हो,” ती म्हणाली.

मग त्याने आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. “सुलभा, मागे बघू नकोस. ती पांढरी गाडी घरापासून आपल्या मागे आहे. आत एक बाई आहे आणि मागच्या सीटवर कोणीतरी लपून बसलंय.”

सुलभाने वर आरशात पाहिलं. देवयानी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून येत होती. मागच्या सीटवर अनिकाचं डोकं दिसत होतं.

“मागे देवयानी आहे,” ती म्हणाली. “आपली देवयानी. आणि अनिका.”

पुरुषोत्तमने आरशावरची नजर काढली नाही. त्याचा उजवा हात शर्टाखाली गेला, खोळीपर्यंत पोहोचला आणि आत चाचपत राहिला.